नवस डेअरीचा, सुई चतुराबाईंची

तर नवस बोलली एकटी चंद्रभागाबाई, पाळत बसलं सगळं गाव, आणि निस्तरायला कोण, तर नर्सबाई. तुम्हाला सांगते, मला नवसाचं वावडं नाही हो. मी स्वतः वर्षातले निम्मे वार कसल्या ना कसल्या उपासात असते, आमच्या घरी साबुदाण्याचा डबा ज्वारीच्या डब्याहून मोठा आहे. देव खोटा नसतो, नवस खोटा नसतो, पण रीत म्हणून काही असते का नाही? ज्यानं बोलावा त्यानं फेडावा, एवढं साधं. आमच्या गावानं काय केलं, एका बाईच्या नवसाची सहकारी संस्था करून टाकली!

झालं असं, की त्या साली दसरा उलटला तरी पाऊस नाही. शिरूर कासारच्या पुढं आमचं गाव, तिकडं पाऊस एरवीसुद्धा घाईतल्या पाहुण्यासारखा, चहा घेतला की निघाला, पण त्या साली तो फाट्यावरूनच परत गेला. मग ज्यानं त्यानं बोअर पाडायला काढले. मशीन आलं, दिवसभर धडधड, पाचशे फूट झाले, सहाशे फूट झाले, वर काय येतंय तर पांढरा फुफाटा, आणि मशीनवाला म्हणणार, "मालक, अजून थोडं जाऊ, खाली वल लागतीया." वल कसली, त्याच्याच कपाळाचा घाम पडत होता आत. शिवारात माणसं कमी आणि भोकं जास्त झाली. रस्त्यानं चालताना खाली बघून चालावं लागायचं.

आणि चंद्रभागाबाई म्हणजे कशी, साठी उलटलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, लेक आणि सून दर साली कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारे, आणि त्यांच्यासाठी वाकळा शिवायचं काम हिच्याकडं, कारण कारखान्यावर थंडीवाऱ्यात पाचटाच्या कोपीत झोपायचं तर अंगावर काही नको का? तर ही बाई एका मंगळवारी गावाबाहेरच्या जुन्या आडावर गेली. तिथं साती आसरांचे दगड आहेत शेंदूर लावलेले. पाण्याच्या देव्या त्या, पण आडात पाणी नाही, तेव्हा त्या बिचाऱ्याही दुष्काळातच. हळदीकुंकू वाहिलं आणि म्हणाली, "आयांनो, तुमच्या घराला लई भोकं पाडली आमी. ज्याला सुचलं त्यानं लोखंड आणलं अन् खुपसलं. तुमाला दुखत नसंल का? आता पाऊस येईस्तोर मी सुई हातात धरनार न्हाई, वाकळ शिवनार न्हाई. माज्या हातचं तेवढंच हाय." झालं, एवढाच नवस, आपल्या आवाक्यातला, आपल्या हाताचा. मला सांगा, यात कुणाचं काही बिघडलं का?

बिघडलं कुठं, तर डेअरीत.

त्याच आठवड्यात दूध संस्थेची वार्षिक सभा होती. चेअरमन भगवानराव, म्हणजे गावातली काळी जमीन, पांढरे कपडे आणि माईक ह्या तिन्ही गोष्टी त्यांच्याकडं. सेक्रेटरी बद्रीनाथ, जो झोपेतसुद्धा "विषय क्रमांक एक" म्हणतो असं त्याची बायको सांगते. सभेत दुधावर बोलायला काही नव्हतंच, जनावरांनाच पाणी नाही तर दूध कुठलं, तेव्हा ऐन वेळच्या विषयात कुणीतरी चंद्रभागाबाईच्या नवसाचं काढलं. आणि बद्रीनाथ उभा राहिला. "सभासद बंधूंनो, एका सभासदाच्या दुधानं टँकर भरत न्हाई, तर एका बाईच्या नवसानं आड कसा भरंल? नवस बी सहकारी तत्त्वावर झाला पाहिजे." टाळ्या पडल्या. झाला ठराव की, पाऊस पडेपर्यंत गावातल्या कुणाच्याही अंगाला लोखंडाचं टोक लागता कामा नये, मग तो माणूस असो, जनावर असो की धरणीमाता असो. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, हात वर, एकमतानं मंजूर. मागं चपलांपाशी बसलेली चंद्रभागाबाई म्हणत होती, "आवो, मी वाकळीचंच बोलले होते." पण बद्रीनाथ म्हणाला, "मावशी, विषय मंजूर झाला," आणि चिवड्याचे पुडे वाटायला घेतले.

आता चतुराबाई कोण ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल नर्सबाई कुठं राहिल्या. चतुराबाई आमच्या उपकेंद्राच्या नर्स. माहेर उमापूरचं, शिक्षण बीडला, तिथं ट्रेनिंग संपताना पांढऱ्या साडीत, हातात मेणबत्ती धरून शपथ घेतलेली, आणि तेव्हा डोळ्यांत पाणी आलेलं, ते मेणबत्तीच्या धुरानं असं त्या सांगतात. आमच्या गावात ग्रामसेवक राहतो बीडला, तलाठी चार गावांना मिळून एक म्हणजे कुठंच नाही, गुरुजी शिरूरहून मोटारसायकलवर येणार आणि शाळेची घंटा होईस्तोर मोटारसायकल गावाबाहेर. सरकारचं म्हणून गावात मुक्कामाला जे होतं ते दोनच, एक हातपंप, तो आटलेला, आणि दुसऱ्या चतुराबाई.

मग काय होणार? टँकर आला की ड्रायव्हरला सही पाहिजे सरकारी माणसाची. सरकारी माणूस कोण? चतुराबाई. गरोदर बाई तपासायला टेबलावर घेतलेली, एक कान पोटावरच्या नळीला लावलेला, बाळाचे ठोके मोजताहेत, आणि बाहेरून पों पों, "बाई, दुसरी खेप आली." ठोके राहिले बाजूला, टँकर मोजा. दुधात पाणी आहे का बघायचं, डेअरीचं मशीन बंद, बोलवा चतुराबाईंना, का तर त्यांच्याकडं काचेच्या नळ्या असतात. चारा छावणीत तान्ह्या लेकरांना बघायला गेल्या तर लेकराची बाही वर करून दंड पुढं करायच्या ऐवजी एकानं म्हैस पुढं केली, "बाई, हिलाबी द्या एक, लई लाथा मारती." आणि चंद्रभागाबाईनं सुई सोडली तेव्हा अर्धी शिवलेली वाकळ कुणाच्या पायरीवर आली? "बाई, तुमी आमच्या नवसात न्हाईत, तेवढी पुरी करा, नातवाला पांघरायला हाय." टाके घालता येतात ना बाईंना! घातले बिचारीनं, बाळंतिणीला घालतात तसे आखीव. आता तुम्हीच सांगा, हे नर्सचं काम आहे का?

बरं, ठरावाचं गावात काय झालं ते ऐका. सिदूचं सलून. सिदू विचारायला गेला, "वस्तऱ्याला टोक नसतंय, धार असतीया, मंग चालंल का?" चेअरमननी तिघांची उपसमिती नेमली. उपसमितीचा अहवाल येईस्तोर सलून बंद. पंधरवड्यात गावातल्या सगळ्या बाप्यांच्या दाढ्या वाढल्या, आणि बाहेरगावचा पाहुणा एस्टीतून उतरला की समोरच्याला बघून आधी चेहरा पाडायचा आणि हळूच विचारायचा, "कोण गेलं?" जावळं थांबली, कान टोचायचे थांबले, आणि खुद्द चेअरमनच्या तळपायात बाभळीचा काटा गेला तो निघेना. सुई लावायची नाही म्हणून बद्रीनाथनं बाभळीच्याच दुसऱ्या काट्यानं काढायला घेतला, का तर काटा लाकडाचा, लोखंडाचा नाही. दुसराही आत मोडला. म्हणजे एका चेअरमनला दोन काटे.

आणि ह्याच दिवसांत चतुराबाईंना तालुक्याला प्रशिक्षणाचं बोलावणं आलं. विषय काय, "कामातील समाधान". मोठ्या शहरातून एक सर आले होते, गोरेपान, पाण्याची बाटली हातात. ते म्हणाले, "भगिनींनो, डोळे मिटा. शांत व्हा. स्वतःला विचारा, मी कोण आहे?" तालुक्यातल्या सगळ्या नर्सांनी डोळे मिटले. चतुराबाईंनीही मिटले, मनापासून मिटले हो, कारण हा प्रश्न त्यांना आधीपासून पडलेलाच होता. मी कोण आहे, मी कोण आहे, असं आत विचारत गेल्या, खोल गेल्या, बोअरपेक्षा खोल, आणि तिथून काय आलं, तर "पों पों, बाई, तिसरी खेप." मग सर म्हणाले, आता सगळ्या मोठ्यानं हसा. एवढ्या बाया डोळे मिटून हा हा हा करताहेत, शिपायानं दारातून डोकं घातलं आणि तसाच मागं झाला. शेवटी सरांनी चतुराबाईंना उठवलं, "ताई, तुम्ही कामात दहापैकी किती समाधानी?" त्या म्हणाल्या, "सर, टँकर आला तर चार, न्हाई आला तर सात." सरांनी ते लिहून घेतलं. काय लिहिलं देव जाणे.

त्याच्या दुसऱ्या दिवशी बुधवार. आमच्याकडं सुईचा वार बुधवार. आणि हा बुधवार साधा नव्हता. शेजारच्या वस्तीवर गोवर निघाला होता, आणि ऊसतोडीला माणसं नेणारा मुकादम धर्मराज, त्याचे ट्रक त्याच दिवशी, दिवस मावळायला, टोळ्या घेऊन कारखान्याला निघणार होते. एकदा ट्रक हलले की ती लेकरं कुठल्या फडावर, कुठल्या कोपीत, कुणाला ठाऊक? सगळे दिवस उसात, आणि तिथं ना ही नर्स, ना हा डबा. गोवरची सुई द्यायची तर आजच. लस निळ्या डब्यात बर्फात ठेवलेली, बर्फही दिवस मावळेस्तोरच टिकणार. म्हणजे ट्रक आणि बर्फ, दोघांचा वेळ एकच. चतुराबाई सकाळी अंगणवाडीत येऊन बसल्या, सतरंजी अंथरली, आणि एक लेकरू आलं नाही. आली ती एक शेळी, ती सतरंजीचं टोक खाऊन गेली.

मग डबा खांद्याला लावून दारोदार. केसरबाईच्या दारात गेल्या तर तिनं लेकराला धान्याच्या कणगीमागं सारलं, आणि लेकरू तिथून रडतंय.

"केसरबाई, गोवरची सुई हाय. ट्रक हलायच्या आत देऊ द्या."

"सुई न्हाई चालत बाई. ठराव हाय. तोंडात घालायचं औषध असंल तर घाला."

"गोवरचं तोंडातून नसतंय."

"मंग सरकारला लिहा, आमच्या गावापुरतं तोंडातलं पाठवा म्हनावं."

"अन् गोवर निघाला म्हंजी?"

"आसरा कोपल्या म्हंजी? म्हनतेल, ह्या केसरनं टोचलं म्हनून पाऊस आडला. मी एकटीनं कावून पाऊस आडवू?"

बाईचंही खरंच होतं. गावभर हीच भीती, की मी टोचून घेतलं आणि पाऊस नाही आला, तर नाव माझं. चतुराबाई पारावर आल्या. पारावर दाढ्या वाढलेले बाप्ये बसलेले, एखाद्या मठात आल्यासारखं वाटत होतं. बाईंनी सांगितलं, "ही सुई लोखंडाची न्हाईच, स्टीलची हाय." चर्चा पेटली. कुणीतरी जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक आणलं, एक सुई बिचारीनं खर्ची घातली, चुंबक लावलं, सुई काही चिकटेना. चतुराबाईंना वाटलं, जिंकलं. तर एक म्हातारा म्हणाला, "आमच्या ताटालाबी चिकटत न्हाई. पर ताट डोक्यात घातलं तर खोक पडतीच का न्हाई?" सगळ्यांनी माना डोलावल्या. शिक्षण काय कामाचं मग?

शेवटी चेअरमनकडं. भगवानराव ओसरीवर, पाय उशीवर, तळवा सुजून भोपळा झालेला.

"चेअरमनसाहेब, लेकरांपुरता तुमचा ठराव बाजूला ठेवा."

"माजा ठराव न्हाई बाई तो. सभासदांचा हाय. बदलायचा तर विशेष सभा घ्यावी लागंल."

"मंग घ्या."

"नोटीस लागती. चौदा दिवस. कायदा हाय."

"ट्रक आज हालनार हायेत. गोवर काय नोटीस देऊन येतो का?"

"तसा येत असता तर आपन त्याला पुढची तारीक दिली असती," चेअरमन अगदी मनापासून म्हणाले. मग आवाज उतरवून म्हणाले, "बाई, आल्याच हायेत तर जरा पायाकडं बघा. सुई न लावता."

चतुराबाईंनी पाय बघितला. "दोन काटे हायेत. सुईनं आत्ता निघतेल."

"ठराव हाय," चेअरमन म्हणाले आणि डोळे मिटले. मी कोण आहे, असं विचारत असावेत. आणि बाई उठल्या तर मागून, "तेवढी टँकरची सही करून जा, ड्रायव्हर खोळंबलाय." ऊन डोक्यावर, डब्यातला बर्फ पाझरतोय, लेकरं कणग्यांमागं, आणि ह्या टँकरवर सही करताहेत. आता तुम्हीच सांगा, हे नर्सचं काम आहे का?

उपकेंद्राच्या पायरीवर येऊन बसल्या आणि मनाशी ठरवूनच टाकलं. बास. उद्या तालुक्याला जायचं आणि बदली मागायची, गोदामातली. औषधांच्या गोदामात कापसाचे गठ्ठे लावायचे. कापसाच्या गठ्ठ्याला नवस नसतो, ठराव नसतो, म्हैस नसते. ज्या कामाची शपथ घेतली ते होतच नसेल तर निदान न होणारं काम सावलीत तरी करावं. आणि हे ठरवलं तर बरं वाटायला पाहिजे होतं ना? नाही वाटलं. डब्याचं झाकण उघडून बर्फ बघितला, बंद केलं, पुन्हा उघडलं.

तेवढ्यात चंद्रभागाबाई आली, काखेत नातू. सून सामान बांधत होती म्हणून लेकरू हिच्याकडं. नातू चांगला गुटगुटीत, तोंडात आजीच्या पदराचं टोक.

"बाई, असं तोंड पाडून कावून बसल्या?"

आणि चतुराबाई, ज्या कधी कुणाला बोलत नाहीत, त्या बोलल्या. "मावशी, ह्या नातवाला घेऊन जातेल आज. फडावर शेजारच्या कोपीत गोवर निघाला तर ह्याला कोन बघंल? मी तिथं नसनार. मी इथं टँकर मोजत असनार. अन् तुमचा नवस हाय म्हनून मी गप बसायचं."

"माजा नवस?" चंद्रभागाबाई दचकली. "मी वाकळीचं बोलले होते ओ. लेकरांचं मी न्हाई बोलले."

"मंग लेकरांचं कोन बोललं?"

"डेअरी बोलली."

"कुठं बोलली?"

"डेअरीतच." आणि असं म्हणून चंद्रभागाबाई थांबली. तुम्हाला सांगते, बाया-बापड्यांनी आयुष्यभर नवस केले असले म्हणजे नवसातलं कळतं, जसं तुम्हाआम्हाला भाजीतलं मीठ वासावरून कळतं. तिनं नातू दुसऱ्या काखेत घेतला आणि आडाकडं चालायला लागली. मागं चतुराबाई, खांद्याला डबा. आडावर बघितलं, दगडांवर हळदीकुंकू एकच, तिचंच, त्या मंगळवारचं, वाळून फुटलेलं. नारळ नाही, फूल नाही, उदबत्तीची काडी नाही.

"बगा बाई," ती म्हणाली, "सगळ्या गावाचा नवस, अन् एक नारळ न्हाई?"

मग तिनं जो आवाज दिला तो पारापर्यंत गेला. माणसं आली, बाया आल्या, चेअरमनना मोटारसायकलवर मधोमध बसवून आणलं, पाय पुढं धरून, जसं काही पायाचीच वरात. चंद्रभागाबाई दगडांपाशी उभी.

"भगवानराव, ठराव केला ते खरं. पर आसरांना सांगितला का?"

चेअरमन म्हणाले, "मी कावून सांगू? अंमलबजावणी सेक्रेटरीकडं असती."

सगळ्यांनी बद्रीनाथकडं बघितलं. बद्रीनाथ म्हणाला, "मी इतिवृत्तात घेतलंय की."

"आसरा वाचतात का तुमचं इतिवृत्त?"

"मला वाटलं चेअरमन येऊन बोलतेल. तोंडी."

"मला वाटलं तू लेखी दिलंय."

"कोनीच न्हाई सांगितलं," चंद्रभागाबाई म्हणाली, शांतपणे म्हणाली हो, भांडण नाही, आवाज नाही. "आवो, देवापुढं उभं राहून तोंडानं बोलला न्हाई तो नवस न्हाई. ती नुसती बैठकीतली गप हाय. ह्या आयांना ठावच न्हाई तुमी काय सोडलं अन् काय धरलं. त्यांना वाटत असंल, गावातली मानसं दाढ्या कावून वाढवून हिंडतेत."

सिदू गर्दीतून म्हणाला, "म्हंजी मी दुकान बंद ठेवलं ते कुनासाठी?" बद्रीनाथ म्हणाला, "त्याचा उल्लेख पुढच्या अहवालात करू."

आता इथं चतुराबाईंना वाटलं, सुटलं. पण सहकार एवढ्यात सुटतो का? बद्रीनाथच पुन्हा पुढं झाला. "मंग चूक आत्ताच दुरुस्त करू. नारळ आना. चेअरमन सगळ्यांच्या वतीनं आत्ता बोलतेल." आणि लोक हो म्हणाले! कुणीतरी नारळाला पळालंसुद्धा. म्हणजे आत्तापर्यंत नवस नव्हता, आणि आता खरोखरीचा होणार, देवापुढं, नारळासकट. ट्रकचे हॉर्न वेशीपासून ऐकू येत होते. त्यांनी चंद्रभागाबाईकडं बघितलं, नुसतं बघितलं.

चंद्रभागाबाईनं नातवाच्या तोंडातून पदर सोडवला आणि चेअरमनना म्हणाली, "बोला की. चांगलं हाय. फकस्त एक रीत हाय, जो बोलतो त्यानं आधी पाळायचा. काटे हायेत तसे पायात ऱ्हाऊ द्यायचे, पाऊस येईस्तोर. रोहिण्या, न्हाईतर मिरग."

चेअरमननी पायाकडं बघितलं. आभाळाकडं बघितलं. दसरा नुकताच झालेला, मृग कुठं आणि दसरा कुठं. पुन्हा पायाकडं बघितलं, त्या पायानं त्याच वेळी ठणक मारली असावी, कारण त्यांचं तोंड वाकडं झालं. मग घसा खाकरून म्हणाले, "विषय महत्त्वाचा हाय. घाई करून चालनार न्हाई. आजची सभा तहकूब."

तहकूब म्हटल्याबरोबर केसरबाई जी घराकडं पळाली, ती कणगीमागचं लेकरू घेऊनच आली.

त्यानंतरचं काय सांगू तुम्हाला. अंगणवाडीत बसायला वेळच नव्हता, चतुराबाई थेट वेशीत गेल्या आणि ट्रकच्या मागच्या फळीवरच बसल्या. वर सामान चढतंय, पाट्या, कोयते, वाकळा, भांडी, आणि त्याच हातांनी लेकरं पुढं येताहेत. चंद्रभागाबाईचा नातू पहिला. आजीनं स्वतः त्याचा दंड धरला आणि आपण मान फिरवली, तो रडला नाही, आजीच रडली. मग रांग नाही, काही नाही, नुसते हात. एकानं घाईत करडू पुढं केलं. चतुराबाई म्हणाल्या, "हे शेळीचं हाय, तुमचं द्या." मुकादम धर्मराज खालून ओरडतोय, "बाई, कारखाना वाट बघत न्हाई." बाई सुई भरता भरता म्हणाल्या, "मंग त्याला म्हनावं, तूबी टोचून घे."

चेअरमन पण तिथंच, मोटारसायकलवर, पाय पुढं करून. लेकरं संपल्यावर त्यांचा पाय घेतला, सुई घातली, दोन्ही काटे बाहेर. चेअरमन असे ओरडले, की पार दुसऱ्या ट्रकातली लेकरं रडायची थांबली आणि बघायला लागली. आणि हे बघा, इथं मी म्हणणार नाही हं. हे नर्सचंच काम होतं.

ट्रक हलला. धुरळा उठला. आणि धुरळ्यातून चंद्रभागाबाईच्या सुनेचा आवाज आला, "नर्सबाई, रातीला ताप आला तर काय करू?"

'नर्सबाई' अशी हाक मारली तिनं. टँकरवाली नाही, दूधवाली नाही. किती दिवसांनी कुणीतरी नर्सला नर्सचा प्रश्न विचारला होता! चतुराबाई उठल्या आणि ट्रकमागं चालायला लागल्या, चालता चालता पळायला लागल्या, "येईल थोडा, घाबरू नको, ओल्या फडक्यानं पूस, दूध तोडू नको, लईच वाढला तर तिथल्या दवाखान्यात ने..." ट्रक वळला तरी ह्या बोलताहेत. धुरळा तोंडात, केस सुटलेले, रिकामा डबा खांद्यावर आपटतोय, आणि चेहरा कसा, तर लग्नात जेवणं वेळेवर उठल्यावर नवरीच्या आईचा असतो तसा. ते बाटलीवाले सर तिथं असते तर त्यांना दहाच्या वरचा आकडा शोधावा लागला असता.

आणि मागून काय, पों पों. "बाई, सही."

चतुराबाईंचा हात सवयीनं पेनाकडं गेला. पण चंद्रभागाबाई मधी आली. ड्रायव्हरला म्हणाली, "आज बुधवार हाय. आज बाई नर्स हायेत. सही उद्या. खेपा मी बगते, मला कळतंय पानी किती सांडलं अन् किती पोचलं." ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, तुमी सरकारी न्हाईत." ती म्हणाली, "मी तहानलेली हाय, तेवढं पुरं हाय." आणि दुसऱ्या दिवशी पहाटे केसरबाईला आणि आणखी दोघी-चौघींना घेऊन ती आडावर गेली. हळदीकुंकू, नारळ, सगळं रीतसर. आसरांपुढं उभं राहून तोंडानं बोलल्या, की बुधवारी आमच्या नर्सबाईला सुई-औषधाशिवाय कुणी काम सांगणार नाही, आणि सांगितलं तर ते काम आमच्यातली एक करील. डेअरीला विचारलं नाही. सूचक नाही, अनुमोदक नाही.

बदली? ती मागायची राहून गेली. गोदामात कापसाचे गठ्ठे अजून आहेत तसेच असतील. पाऊस तेव्हा नाही आला, तो आला त्याच्या मनानं, उशिरा, आणि आला त्या दिवशी चंद्रभागाबाईनं आधी सुई ओवली. पण ते राहू दे.

माझं तुमच्यापाशी एवढंच मागणं आहे, बायांनो. तुम्ही इतके नवस करता, सोन्याचं पान वाहता, पाच नारळांचं तोरण बांधता, तर हाही एक बोला. ठराव नको, माईक नको, गावातल्या पाण्यापाशी जा आणि तोंडानं बोला, की सुईच्या वारी नर्सबाईला नर्स राहू देऊ. एकच वार. बाकीचे दिवस सोडवायला आम्हालाही जमलं नाही बाई, बाकीचे दिवस आमच्याकडंही टँकर त्याच मोजतात. पण तुम्ही बुधवारपासून सुरुवात तर करा.